नेट गेलं तरी गाणं चालू: कोकणातल्या घरात म्युझिक स्ट्रीमिंगची सिस्टीम कशी लावायची

मोबाईलवर ॲप, शेजारी ब्लूटूथ स्पीकर, झालं की स्ट्रीमिंग, असं म्हणणाऱ्यांचं मे महिन्यापर्यंत झकास चालतं. मग पाऊस लागतो, रस्त्यावर फांदी पडून फायबर तुटते, टॉवरची रेंज येते-जाते, आणि नेमकं जेव्हा घरात बसून निवांत ऐकायला वेळ असतो तेव्हाच ॲपवरचं ते गोल फिरणारं चक्र बघत बसायचं. म्हणून गुहागर असो नाहीतर वेंगुर्ला, इकडच्या घरात सिस्टीम लावायची तर आधी एकच ठरवा: गाणी आपल्या घरातल्या डिस्कवर राहणार, नेटवरची ॲपं ही ताटातली चटणी, असली तर मजा, नसली तरी जेवण होतं.

नवीन लोकांचा इथे एक घोळ होतो. राउटर चालू आहे पण बाहेरून नेट येत नाहीये, तेव्हासुद्धा घरातलं वायफाय जिवंत असतं. डिस्कवरचं गाणं घरातल्या घरात राउटरमार्गे स्पीकरपर्यंत जातं, त्याला नेट लागतच नाही. राउटरला लाइट मिळाली की बास.

काय काय लागतं

गाणी वाटणारा सर्व्हर, ती वाजवणारा प्लेअर, डॅक आणि ॲम्प्लिफायर-स्पीकर, आणि रिमोट म्हणून मोबाईल. यातला सर्व्हर आणि प्लेअर एकाच छोट्या डब्यात बसतो, रास्पबेरी पाय नावाच्या चिमुकल्या कॉम्प्युटरात. सुरुवातीला एकच पाय घ्या, पुढे वाटलं तर दुसऱ्या खोलीसाठी दुसरा.

मॉडेल कुठलं? पाय ४ चा कमी रॅमवाला भरपूर झाला, जुना ३ बी प्लस कुणाकडे पडून असेल तरी चालेल. झीरो २ डब्ल्यू स्वस्त आहे पण तो फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय धरतो आणि त्याला हेडफोन जॅक नाही. पाय ५ ला पण जॅक नाही, आणि या कामाला तो उगाच जास्तीचा होतो. ज्यांना जॅक आहे त्यांचाही आवाज यथातथाच, म्हणून एक साधा यूएसबी डॅक घ्याच. डॅक म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचा स्पीकरला कळेल असा आवाज करणारं यंत्र, बाकी त्याचं गूढ वाढवायची गरज नाही. डॅकपासून ॲम्प्लिफायरला ३.५ एमएमची पिन एकीकडे आणि लाल-पांढऱ्या दोन आरसीए पिना दुसरीकडे अशी वायर लागते. घरात जुना डेक असेल आणि त्याला ऑक्स इनपुट असेल तर नवीन ॲम्प्लिफायरवर पैसे घालू नका. स्पीकर नवीन घेत असाल तर कोनाच्या कडेची गादी रबराची बघून घ्या, फोमची आपल्या दमट हवेत काही वर्षांत भुगा होते.

सॉफ्टवेअर दोन सांगतो, दोन्ही फुकट. सर्व्हर म्हणून लिरियन म्युझिक सर्व्हर, आणि त्याला पोटात घेणारी पायकोअरप्लेअर नावाची छोटी सिस्टीम. लिरियनचं मूळ जुनं आहे. स्लिम डिव्हायसेस नावाच्या कंपनीने २००१ मध्ये नेटवर्कवरून गाणी वाजवणारा प्लेअर काढला, २००६ मध्ये लॉजिटेकने ती कंपनी विकत घेतली, २०१२ मध्ये त्यांनी स्क्वीझबॉक्स नावाने विकले जाणारे ते प्लेअर बंद केले, पण सर्व्हरचा कोड खुला असल्यामुळे वापरणाऱ्यांनी तो चालू ठेवला आणि २०२४ पासून तो लिरियन नावाने चालतो. मला हे फार आवडतं, कंपनी गेली तरी वस्तू घरात चालू राहिली.

पायकोअरप्लेअर का, तर तो पायमधल्या मेमरी कार्डावरून उचलून रॅममध्ये चालतो, कार्डावर सारखं लिहीत बसत नाही, त्यामुळे अचानक लाइट गेली तरी कार्ड खराब व्हायची भीती अगदी कमी. दुसऱ्या सिस्टीम दिसायला देखण्या असतील, पण दिवसात सहा वेळा लाइट जाणाऱ्या वाडीत मी तरी हाच सुचवेन.

बसवायचं कसं

१. कॉम्प्युटरवर पायकोअरप्लेअरची इमेज, म्हणजे कार्डावर चढवायची तयार फाइल, डाउनलोड करा आणि बॅलेना एचर किंवा रास्पबेरी पाय इमेजर वापरून मायक्रो एसडी कार्डावर चढवा. ८ जीबीचं कार्ड पुष्कळ.

२. पहिल्यांदा चालू करताना वायफायच्या भानगडीत पडू नका, पाय राउटरजवळ न्या, लॅन केबल लावा, मग लाइट द्या.

३. त्याच वायफायवरच्या मोबाईलच्या ब्राउझरमध्ये पीसीपी डॉट लोकल असं इंग्रजीत टाइप करा. नाही उघडलं तर राउटरच्या पानावर जोडलेल्या डिव्हाइसची यादी असते, तिथून पायचा आयपी पत्ता (घरातल्या नेटवर्कवरचा त्याचा आकडी पत्ता) घेऊन तो टाका.

४. आधी रिसाइझ एफएस हे बटण शोधून कार्डावरची जागा वाढवा, नाहीतर पुढे सर्व्हर बसायला जागाच मिळत नाही. मग एलएमएस (लिरियन म्युझिक सर्व्हर) या टॅबमध्ये जाऊन सर्व्हर इन्स्टॉल करा.

५. गाण्यांची डिस्क यूएसबीला लावा आणि त्याच टॅबमधून ती माउंट करा, म्हणजे सिस्टीमला वाचायला जोडून द्या. विंडोजवर वापरलेली डिस्क असेल तर ती एनटीएफएस किंवा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली असणार, त्याचं जादा पॅकेज तिथेच इन्स्टॉल करायला मिळतं.

६. ऑडिओ आउटपुटमध्ये आपला डॅक निवडा आणि सेव्ह करा.

७. आता बॅकअप दाबा. सगळं रॅममध्ये चालतं म्हणून बॅकअप न घेता बंद केलं की सेटिंग पुसलं जातं, आणि मग "काल तर चालत होतं" सुरू होतं. गाण्यांच्या बॅकअपचा याच्याशी संबंध नाही, हा फक्त सेटिंगचा.

८. ब्राउझरमध्ये आयपी पत्ता, कोलन, ९००० असं टाकलं की लिरियन उघडतो. त्याला गाण्यांचं फोल्डर दाखवा, स्कॅन लावा, आणि चहा घेऊन या.

९. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन पायला कायमचा एकच आयपी बांधून द्या, डीएचसीपी रिझर्व्हेशन म्हणतात त्याला. हे लोक टाळतात आणि मग लाइट जाऊन आली की पत्ता बदलतो आणि मोबाईलला सर्व्हर सापडत नाही.

मोबाईलवर अँड्रॉइडवाल्यांनी स्क्वीझर टाका, आयफोनवाल्यांना आयपेंग आहे. ॲप नको असेल तर लिरियनमधलंच मटेरियल स्किन ब्राउझरमध्ये उघडलं तरी सगळं चालवता येतं, आजी-आजोबांनाही जमतं, अक्षरं मोठी होतात.

डिस्कबद्दल एवढंच, की ३.५ इंची मोठी हार्डडिस्क पायच्या यूएसबीवर चालत नाही, तिला स्वतःचा ॲडॅप्टर लागतो. पाय ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच देतात, त्यात छोटी डिस्क किंवा एसएसडी आरामात चालते. एसएसडी परवडली तर तीच घ्या.

चिऱ्याची भिंत आणि वायफाय

बंगलोरच्या फ्लॅटमध्ये बसून लिहिलेल्या माहितीत हे कुठे सापडत नाही. आपली जुनी घरं जांभ्या चिऱ्याची, भिंत नऊ इंचापासून पुढे कितीही, आणि पावसात तो दगड पाणी पिऊन बसतो. पाणी वायफायच्या लहरी खातं. त्यामुळे उन्हाळ्यात ओटीवरच्या राउटरची रेंज मागच्या पडवीत येत होती ती जुलैत येत नाही, यात राउटर बिघडलेला नसतो.

५ गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान पण भिंतीपुढे लगेच हात टेकतं, २.४ सावकाश पण दोन भिंती पार करतं. गाण्याला वेग लागतोच किती? सीडीच्या दर्जाचं गाणं कॉम्प्रेस न करता १४११ केबीपीएस, म्हणजे दीड एमबीपीएससुद्धा नाही. तेव्हा राउटरमध्ये दोन्ही बँडना वेगळी नावं द्या आणि प्लेअरला २.४ वरच बांधा. चॅनेल १, ६ किंवा ११ यातलाच ठेवा. वाडीत घरं लांब लांब असतात तिथे याने फार फरक पडत नाही, पण रत्नागिरी-चिपळूणच्या बिल्डिंगमध्ये शेजारच्या दहा राउटरांच्या गर्दीत पडतो.

राउटर ठेवायचा कुठे यावर मात्र डोकं लावा. फायबरवाला येतो आणि त्याला जवळ पडेल अशा खिडकीत डबा ठोकून जातो. कौलारू घरात बऱ्याचदा आतल्या भिंती वर आढ्यापर्यंत गेलेल्याच नसतात, पाट्यापाशी संपतात आणि वर सगळं मोकळं असतं. राउटर उंच, माळ्याच्या कडेला बसवला तर रेंज भिंती ओलांडून वरून खाली उतरते, मातीच्या कौलांचा तिला त्रास नाही. पत्र्याचं छप्पर किंवा पत्र्याचं पार्टिशन असेल तर ते गणित वेगळं, पत्रा लहरी परत फेकतो. माळ्यावर ठेवताना दोन गोष्टी बघा, एप्रिल-मेमध्ये कौलाखाली प्रचंड तापतं म्हणून थेट कौलाला चिकटवू नका, आणि उंदीर वायर कुरतडतात म्हणून वायर पाइपातून न्या.

एवढं करूनही मागच्या खोलीत तुटक वाजत असेल तर लॅन केबल ओढा. कॅट ६ ची केबल १०० मीटरपर्यंत चालते, घरात तेवढं अंतर कुणाचं नसतं. पण घरातून मांगरात किंवा बाजूच्या घरात वरून लटकवत तांब्याची लॅन केबल नेऊ नका, वीज कडाडली की दोन्हीकडची यंत्रं एकदम जातील. तिथे फायबर किंवा वायफायच.

गाणी भरणं, आणि नावांचा गोंधळ

फाइलचा प्रकार फ्लॅक असेल तर उत्तम, मूळ आवाज जसाच्या तसा राहून जागा साधारण अर्धी लागते. सीडीचा एक तास म्हणजे ६३५ एमबी, फ्लॅकमध्ये तो बहुतेक वेळा ३०० ते ४०० एमबीत येतो. ३२० केबीपीएसची एमपीथ्री तासाला १४४ एमबी. आहेत त्या एमपीथ्री फ्लॅकमध्ये बदलत बसू नका, गेलेला आवाज परत येत नाही, फक्त डिस्क भरते. २४ बिट १९२ किलोहर्ट्झवाल्या फाइली तर सेकंदाला ९ मेगाबिटच्या वर जातात, ओल्या चिऱ्यापलीकडच्या पायला त्या झेपत नाहीत, आणि पडवीत पावसाच्या आवाजात तो फरक कुणाला ऐकू येणार हाही प्रश्नच.

खरं काम टॅगचं. लिरियन फोल्डरच्या नावापेक्षा फाइलच्या आतल्या टॅगवर, म्हणजे गायक, अल्बम वगैरे नोंदींवर, जास्त भरवसा ठेवतो. एका फाइलीत "भीमसेन जोशी", दुसरीत "पं. भीमसेन जोशी", तिसरीत "पंडित भीमसेन जोशी" असेल तर त्याच्या लेखी ते तीन वेगळे गवई. एमपीथ्रीटॅग नाहीतर म्युझिकब्रेन्झ पिकार्ड घेऊन एकेक फोल्डर सरळ करा. देवनागरीत टॅग बिनधास्त लिहा, युनिकोड आहे, नीट दिसतं. फक्त मग सगळंच देवनागरीत लिहा, अर्धं रोमन अर्धं देवनागरी केलंत की यादी दोन तुकड्यांत वाटली जाते. जुन्या लोकल स्टुडिओंच्या सीडीवर कधी श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली नावं असतात, ती अगम्य रोमन अक्षरांसारखी दिसतात, तिथे इलाज नाही, पुन्हा टाइप करा.

आपल्याकडच्या गाण्यांची आणखी एक तऱ्हा म्हणजे लांबी. डबलबारीचं, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याचं, रेकॉर्डिंग चार-चार तासांची एकच फाइल, दशावताराचं नाटक तसंच, शिमग्यातलं नमन तसंच. ऑडॅसिटीत उघडून जिथे गजर, अभंग, गवळण बदलते तिथे लेबल लावत जा, शेवटी एक्स्पोर्ट करताना मल्टिपल फाइल्स निवडलं की एकेक तुकडा वेगळी फाइल होऊन बाहेर पडतो. अल्बम आर्टिस्टमध्ये बुवांचं नाव, अल्बममध्ये गाव आणि साल. दोन बुवा असतील तर दोन अल्बम करा, नाहीतर कोणी कोणाला काय उत्तर दिलं ते शोधता शोधता रात्र जाईल.

आणि कॅसेट. कोकणात प्रत्येक कपाटात एक तरी पिशवी असतेच, आजोबांच्या भजनाची नाहीतर बाल्या नाचाची. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेला पांढरट काही दिसलं तर ती बुरशी, तशी थेट डेकमध्ये घालू नका, हेडला लागून पुढच्या सगळ्या कॅसेटना लागते. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या काडीने पुसून घ्या, आधी बऱ्या असलेल्या कॅसेट उरका. डेकच्या लाइन आउटमधून कॉम्प्युटरच्या लाइन इनमध्ये, ऑडॅसिटीत ४४.१ किलोहर्ट्झ, आणि आवाजाची पातळी उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. खरखर काढायचा मोह आवरा, जास्त काढली की झांज पत्र्यासारखी वाजते. सी-६० कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासाची, घाईत होणारं काम नव्हे.

लाइट, वीज आणि खारं वारं

राउटर आणि फायबरचा डबा १२ व्होल्टवर चालत असतील तर त्यांच्यासाठी छोटा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस मिळतो, ॲडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर वाचून तेवढाच घ्या. पायला ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा चांगला ॲडॅप्टर. मोबाईलचा जुना चार्जर आणि बारीक केबल लावून चालवलं की मध्येच आवाज तुटतो, पाय आपोआप रिस्टार्ट होतो. पाय ३ आणि ४ वरचा लाल दिवा सारखा विझत असेल तर समजा व्होल्टेज ४.६३ च्या खाली जातंय. संध्याकाळी गावात व्होल्टेज पडतं म्हणून असं होतं असं लोक म्हणतात, पण ॲडॅप्टर कमी व्होल्टेज सांभाळून घेतो, दोष बहुधा केबलचाच निघतो.

विजेचा खरा धोका जुलैच्या संततधारेत कमी असतो. मे अखेरचे वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस, तेव्हा गडगडाट जास्त. तेव्हा आवाज सुरू झाला की पिना काढा. बटण बंद करणं पुरत नाही, पिनच बाहेर पाहिजे. स्पाइक गार्ड लावा पण घराचं अर्थिंग मेलेलं असेल तर त्याचा फारसा उपयोग नाही, वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, पाऊस संपल्यावर मातीत ओल कमी होते तेव्हा परत एकदा.

किनाऱ्याजवळच्या घरात आरसीए पिना हिरव्या-काळ्या पडतात, मग एकच स्पीकर वाजतो. चार-सहा महिन्यांनी पिना काढून गोल फिरवून परत बसवा, काँटॅक्ट क्लीनर मारा. पायच्या डब्यात ऊब असते म्हणून मुंग्या संसार थाटतात, भोकांना बारीक जाळी लावा, पण हवा बंद करू नका. सिलिका जेलच्या पुड्या कॅसेटच्या आणि वापरात नसलेल्या डिस्कच्या डब्यात ठेवा, चालू यंत्राला त्या लागत नाहीत.

वाजत नाही तेव्हा

सगळं एकदम हलवू नका. स्पीकरकडून मागे मागे यायचं. डॅककडून येणारी वायर काढून मोबाईलच्या जॅकला लावा, त्यावर गाणं वाजवा. वाजलं तर ॲम्प्लिफायर, स्पीकर, वायर सगळं ठीक, दोष डॅकमध्ये किंवा त्याच्या मागे. नाही वाजलं तर ॲम्प्लिफायरचं इनपुट ऑक्सवर आहे का बघा, घरातल्या पोरांनी ते ब्लूटूथवर फिरवलेलं असतं हे अर्ध्या वेळा उत्तर असतं.

ॲम्प्लिफायर ठीक असेल तर लिरियनचं पान उघडा. पानच उघडत नसेल तर पाय नेटवर्कवर नाही: लाइट, केबल, आयपी या क्रमाने. पान उघडतं पण प्लेअर दिसत नाही तर पायकोअरप्लेअरच्या पानावर स्क्वीझलाइट (गाणं वाजवणारा प्रोग्राम) रिस्टार्ट करा. प्लेअर दिसतो, गाण्याचा वेळही पुढे सरकतो, पण आवाज नाही, तर ऑडिओ आउटपुट चुकीचं आहे, ते डॅकऐवजी हेडफोन जॅकवर तर नाही ना, बघा. गाणी सगळीच गायब झाली तर डिस्क माउंट झालेली नाही, घाबरून पुन्हा स्कॅन लावू नका, रिकाम्या फोल्डरचं स्कॅन झालं की यादी कोरी होते. आधी डिस्क, मग स्कॅन.

गाणं वाजतं पण तुटतं? पाय केबलने राउटरला लावून तेच गाणं वाजवा. तुटायचं थांबलं तर दोष वायफायचा, नाही थांबलं तर ॲडॅप्टर किंवा डिस्क.

सतत हुंऽऽ असा आवाज येत असेल तर तो ५० हर्ट्झचा हम. पायकडून येणारी वायर काढल्यावर थांबला तर अर्थच्या दोन वाटांचा घोळ आहे, सगळी यंत्रं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणा, तेवढ्यानेच बहुतेक मिटतं. उरलाच तर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी वस्तू मध्ये लावा. तिसरी जाड पिन कापून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, जीव जाईल.

दोन खोल्यांत एकच गाणं मागेपुढे वाजत असेल तर एक प्लेअर ब्लूटूथ स्पीकरवर असणार, ब्लूटूथ आवाज उशिरा पोचवतो. दोन्ही प्लेअर वायरने ॲम्प्लिफायरला जोडून लिरियनमध्ये सिंक करा, तेवढंच.

गणपतीतली तक्रार वेगळी असते. चाकरमानी आले, पंधरा-वीस मोबाईल एका राउटरवर, नेट रांगतं आणि मग घरचे राउटरवर गेस्ट वायफाय चालू करून पाहुण्यांना त्यावर टाकतात. ते बरोबरच आहे, पण गेस्टवरच्या मोबाईलला घरातला पाय दिसतच नाही, तो बुद्ध्या आड ठेवलेला असतो. "काका, तुमचं ॲप सर्व्हर शोधत नाही" असं पुतण्या म्हणाला तर त्याचा मोबाईल मुख्य वायफायवर घ्या, किंवा आरत्यांची एक प्लेलिस्ट करून एकाच मोबाईलवर ताबा ठेवा, मी दुसरा मार्ग सुचवेन. आणि रात्री १० नंतर स्पीकर खळ्यात, म्हणजे अंगणात, नको, नियमाने सकाळी ६ पर्यंत बंदी आहे.

राहता राहिली डिस्कची दुसरी प्रत. ती त्याच घरात, त्याच कपाटात ठेवून उपयोग नाही, वीज पडली किंवा पुराचं पाणी शिरलं तर दोन्ही जातील. दुसऱ्या डिस्कवर सगळं कॉपी करा आणि ती मुंबई-पुण्याच्या भावाकडे नाहीतर बहिणीकडे पाठवून द्या, गणपतीला येताना घेऊन या म्हणावं, नवीन भरलेलं त्यात टाकायचं आणि विसर्जनानंतर त्यांच्याच बॅगेतून परत. कॉपी झाल्यावर दोन-चार फाइली उघडून वाजवून बघा, आणि डिस्कवर मार्करने तारीख लिहा.